मामाजी, मी आणि फ्लशची टाकी

माझ्या सासूबाईंना खाली बसलं की उठता येईना, तेव्हा आमच्या सिंदी गावातल्या घरात कमोड आला. जुना संडास मागच्या अंगणात होता, तो तसाच राहिला. नवा घरात, बाथरूमला लागून केला. तोवर आमच्याकडे 'संडास' हा शब्दसुद्धा कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याला 'मागं' म्हणायचे. 'मागं पाणी आहे का?' 'मागचा बल्ब गेला.' आता तो मागचा प्रकार स्वयंपाकघराच्या दोन हातांवर येऊन बसला आणि मामाजींच्या भाषेची पंचाईत झाली.

मामाजींचं स्टेशनच्या रस्त्यावर किराणा दुकान. सगळं आयुष्य त्यांनी तिथल्या गादीवर काढलं. आता दुकान माझा नवरा बघतो. मी वर्ध्याची. लग्न होऊन आले तेव्हापासून घरीच मुलांच्या शिकवण्या घेते. मामाजी आणि मी एका घरात राहत होतो, पण आमचं थेट बोलणं नव्हतं. राग वगैरे काही नव्हता, त्यांच्या घरची रीतच तशी होती. मी समोर कप घेऊन उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "सूनबाईले सांग, साखर कमी टाकत जाय म्हणा." मीही सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "आई, आज टाकलीच नाही म्हणावं." आई मधे बसून दोन्हीकडचं ऐकायच्या आणि पुढे काहीच सांगायच्या नाहीत. सांगायची गरजच नसायची.

कमोड काही महिने नीट चालला. मग हिवाळ्यात एक गोष्ट लक्षात आली. सकाळी गच्चीवरची टाकी भरावी आणि दुपारच्या आत ती रिकामी व्हावी. मी सगळे नळ तपासले. बाथरूम कोरडं, मोरी कोरडी, अंगणात कुठे ओल नाही. नवरा म्हणाला, "प्लंबरला फोन करतो." त्यानं केलाही. पण आमच्या भागात नव्या ले-आउटवर, म्हणजे नव्यानं पाडलेल्या प्लॉटांवर, घरांची बांधकामं चालली होती, तो तिकडे अडकलेला. "येतो, येतो" म्हणायचा आणि येत नसे.

दुकान सोडल्यापासून मामाजींना दिवस खायला उठायचा. एका दुपारी मी शिकवणीच्या वह्या तपासत होते, तर बाथरूमपुढच्या बोळीत प्लॅस्टिकची खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बघते तर मामाजी नव्या संडासाच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलेले. दार उघडं, आत कोणी नाही. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ते काहीतरी ऐकत होते. मी पाय न वाजवता परत फिरणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"सूनबाई, इकडं ये. ऐक बरं."

मी आधी मागे वळून पाहिलं. आई तिथे नव्हत्या. म्हणजे ते मलाच म्हणत होते.

मी जवळ जाऊन ऐकलं. अगदी बारीक आवाज होता, दुधाला उकळी फुटायच्या आधी कडेनं जसा सूं आवाज येतो तसा. थोडा वेळ तो यायचा, मग थांबायचा, मग टाकीत भस्सकन पाणी आल्यासारखं व्हायचं.

"कोणी दाबला नाई अन् टाकी भरून राह्यली," मामाजी म्हणाले. "मंग पाणी जाऊन कुठं राह्यलं?"

मी आत जाऊन कमोडमध्ये वाकून पाहिलं. भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पाण्याचा एक पातळ पापुद्रा सतत खाली सरकत होता. इतका पातळ की आधी नजरेत भरला नाही. बोट लावलं तेव्हा कळलं.

"इथूनच चाललंय, मामाजी," मी म्हणाले.

आमची पहिली बातचीत ही अशी, कमोडच्या दोन बाजूंनी झाली.

मी मोबाइलवर व्हिडिओ शोधले. एक गृहस्थ हिंदीत फार चांगलं समजावून सांगत होता. टाकीतलं पाणी फुकट जायला वाटा दोनच. एक तर टाकी गरजेपेक्षा जास्त भरते आणि आतल्या उभ्या नळीच्या तोंडातून जादा पाणी खाली सांडतं, नाहीतर तळाचं रबरी वायसर नीट बसत नाही आणि त्याच्या फटीतून झिरपतं. मामाजींनी तो व्हिडिओ माझ्या शेजारी उभं राहून पुन्हा पुन्हा बघितला. मग टाकीवरचं बटण फिरवून काढलं, झाकण उचललं आणि आत डोकावले.

"नळीचं तोंड पाण्याच्या वर आहे," ते म्हणाले. "इथून नाई सांडून राह्यलं. खालूनच जात असंन."

"असंन म्हणून नाही चालत," मी म्हणाले. शिकवणीची सवय. "पडताळून बघू. टाकीत नीळ टाकायची आणि फ्लश दाबायचा नाही. भांड्यात निळं पाणी उतरलं, तर वायसर खराब."

कपड्यांच्या निळीची बाटली आणली, टाकीत टाकली. मामाजींनी एका काडीनं ढवळली. थोडा वेळ थांबायचं होतं, म्हणून मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि ते ओट्याला टेकून उभे राहिले. आमच्या नादात आईंना सांगायचं मात्र राहून गेलं.

चहा गाळत होते, तर आई भिंतीला हात लावत लावत दारात आल्या. चेहरा उतरलेला.

"आयकलं का," त्या मामाजींना अगदी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरनं देलेल्या त्या नव्या गोळ्या बंद करा माह्या."

"काऊन?"

"निळं होऊन राह्यलं."

मामाजी ताठ झाले. मला वाटलं आता ते आईंना धीर देतील. त्यांनी विचारलं, "तू फ्लश दाबला का?"

"नाई. ते निळं पाहून दाबाची हिंमतच नाई झाली."

"नक्की नाई दाबला?"

"नाई म्हणते ना."

"मंग वायसर गेलं," मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले आणि हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते आणि आवाज येत नव्हता. मीही चहाची गाळणी हातात धरून हसत सुटले. आई आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. सगळं समजावून सांगितल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्या बाईचा जीव जाऊन राह्यला होता अन् तुमाले वायसरचं पडलं." पण गोळ्यांची भीती गेल्यामुळे त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

भिंतीतला टाकीचा कॉक बंद केला, फ्लश दाबून टाकी रिकामी केली, टाकीतला मधला प्लॅस्टिकचा खांब थोडा फिरवून वर ओढला. तळाशी लाल रबराची चकती होती आणि तिच्या कडेवर पांढरे क्षार जमलेले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. तवे-पातेली, नळाची तोंडं, सगळ्यांवर ती पांढरी पुटं चढतात. मी लिंबाच्या सताचं पाणी केलं, चकती त्यात भिजत घातली, दात घासायच्या जुन्या ब्रशनं कडा साफ केल्या. मामाजींनी चकती हातात घेऊन, दोन बोटांत फिरवून पाहिली आणि उलटी करून बसवली. "ही बाजू अजून झिजली नाई," ते म्हणाले. कॉक उघडला. टाकी भरली आणि थांबली. आम्ही दोघं बोळीत उभे राहून ऐकत होतो. काहीच आवाज नव्हता. मामाजींनी खुर्ची उचलून पुन्हा ओसरीत ठेवली.

तेव्हापासून मामाजींना नादच लागला. दुकानात वजनांची एक लाकडी पेटी होती. काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून ती माळ्यावर पडून होती. ती त्यांनी उतरवली, वजनं काढून आईंच्या ताब्यात दिली आणि पेटीत पाना, पक्कड, पांढरी टेप, वेगवेगळ्या मापाची वायसरं ठेवली. कमोडची सीट डुगडुगायला लागली, तर त्यांनी खालच्या बोल्टांना रबर लावून ती घट्ट केली. कमोडशेजारच्या जेटच्या फवाऱ्यातून थेंब गळायला लागला, तर तो खोलला. काही अडलं की मला हाक मारायचे आणि मी व्हिडिओ शोधायचे. नवरा एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, दुकानात लोक विचारतात, तुमचे वडील सध्या काय करतात. मी काय सांगू?"

"दुकानातच आहेत म्हण," मामाजी म्हणाले. "फक्त धंदा बदलला."

उन्हाळा लागला आणि नवंच काहीतरी सुरू झालं. फ्लश दाबला की पाणी भांड्यात वर चढायचं, तिथेच घोटाळायचं आणि मग पोटात गुडगुडल्यासारखा आवाज करत हळूहळू खाली जायचं. त्याच वेळी शेजारच्या बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे यायचे. आणि वास. उदबत्त्या, कापूर, काही चालेना.

"तुंबला," नवरा म्हणाला.

तुंबला असेल असंच आम्हालाही वाटलं. मामाजींनी दांड्याला रबरी वाटी असलेला पंप आणला. तो भांड्याच्या तोंडावर घट्ट बसवून वरखाली दाबला, की थोडा वेळ बरं व्हायचं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आम्ही मागच्या अंगणातलं चेंबरचं झाकण काढलं. मी आतून बादलीभर पाणी जोरात ओतलं आणि मामाजी बाहेर चेंबरमध्ये बघत उभे राहिले. पाइप तुंबला असता तर चेंबरमध्ये पाणी आलंच नसतं. पुढे सेप्टिक टँककडे तुंबलं असतं तर चेंबर भरून राहिलं असतं. यातलं काहीच नव्हतं. पाणी येत होतं, पुढे जात होतं, आणि चेंबर स्वच्छ.

"पुन्हा ओत," मामाजी बाहेरून म्हणाले.

मी ओतलं. दोन्ही वेळा आतही गुडगुड झाली नाही, हे आता लक्षात आलं. पाणी एका दमात सर्रकन गेलं.

"आता गेलं बरोबर," मी खिडकीतून म्हणाले.

"झाकण लावून पाहतो. पुन्हा ओत."

झाकण लावलं आणि गुडगुड परत आली. काढलं की बंद. लावलं की सुरू. आम्ही हे इतक्या वेळा केलं की शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन, आमच्याकडे पाणी वर आलंय का, असं विचारून गेल्या.

मामाजी तुळशीच्या ओट्यावर बसले. मग म्हणाले, "सूनबाई, तेलाचा पिपा कसा ओततात माहीत आहे का तुले?"

"कसा?"

"एकच छेद पाडला अन् ओतलं, तर तेल गचके खात येते. गुडगुड, गुडगुड. अर्धं बाहेर सांडते. म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात एक बारका छेद पाडतात. हवा आत गेली का तेल सरळ धारेनं येते." त्यांनी गच्चीकडे बोट केलं. "आपल्या पिप्याचा दुसरा छेद बंद झाला. झाकण उघडलं का हवा भेटते, म्हणून पाणी जाते. गॅसच्या पाइपात काहीतरी आहे."

गॅसचा पाइप म्हणजे सेप्टिक टँकमधून भिंतीवरून वर गच्चीपर्यंत गेलेला पांढरा पाइप. घाण हवा उंचावर निघून जावी म्हणून तो असतो. त्याच्या डोक्यावर आडव्या नळीचा तुकडा आणि त्याला जाळीच्या टोप्या असतात. आम्ही गच्चीवर गेलो. एक टोपी कठड्याच्या कोपऱ्यात पडलेली होती, चावून चपटी झालेली. वानरांची टोळी आमच्या गच्चीवरून नेहमी जायची, त्यांचंच काम. मी स्टूलवर चढले आणि नळीच्या उघड्या तोंडात डोकावले.

आत काड्या, कापूस, सुतळी, चिप्सच्या पुड्याचा चकचकीत तुकडा, सगळं दाटीवाटीनं कोंबलेलं. सिंदीत कापसाला काय तोटा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध पिवळ्या चोची उघडून बसलेली पिल्लं. माझ्या सावलीला आईच समजून त्यांनी एकच गलका केला. समोरच्या तारेवर एक साळुंकी आणखी मोठ्यानं ओरडायला लागली.

"काय आहे?" मामाजींनी खालून स्टूल धरून विचारलं.

"बाळंतघर आहे," मी म्हणाले.

खाली येऊन आईंना सांगितलं. नवरा दुपारच्या जेवणाला आलेला होता. तो म्हणाला, काठीनं काढून दुसऱ्या जागी ठेवून देऊ. आईंनी पोळीचा घास तसाच हातात ठेवला.

"उडून जाईपर्यंत कोणी हात लावाचा नाई," त्या म्हणाल्या.

"आई, त्रास तुम्हालाच होणार आहे," मी म्हणाले. "आम्ही काय, मागच्याला जाऊ."

"होऊ दे. त्यायची माय सांगून थोडी गेली होती का इथून वास येते म्हणून." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण अशा वासात ते राहतात कसे, मले याचंच नवल वाटते."

ठरलं. पिल्लं उडेपर्यंत तसंच चालवायचं. मामाजींनी एक व्यवस्था लावली. आईंना जायचं असलं की ते मागच्या अंगणात जाऊन चेंबरच्या झाकणाखाली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून ते थोडं तिरपं करायचे. आतून फ्लशचा आवाज आला, पाणी सरळ गेलं, की झाकण पुन्हा बसवायचे. आई आतून "झालं" म्हणून हाक द्यायच्या. संसाराची इतकी वर्षं गेली, पण माझ्यासाठी यांना असं उन्हात उभं राहिलेलं आताच बघितलं, असं त्या एकदा मला म्हणाल्या. चिडून म्हणाल्या की कौतुकानं, ते मला कळलं नाही.

नेमकं याच काळात माझ्या नणंदेला बघायला नाचणगावहून पाहुणे यायचं ठरलं. नणंद नागपूरला नोकरी करते, सुट्टीला आलेली होती. मुलगा इंजिनिअर, वडील शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पुढे ढकलता येईल का, असं नवरा म्हणाला, पण कारण काय सांगायचं? फ्लशमध्ये साळुंकीची पिल्लं आहेत म्हणून? सकाळपासून मी दारंखिडक्या उघड्या ठेवल्या, बाथरूम घासलं, ठिकठिकाणी कापूर ठेवला. मामाजींनी सगळ्यांना बजावलं, "पाहुण्यायले इकडं कोणी नेऊ नका. मागचा दाखवा."

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलगा आणि नणंद अंगणातल्या आंब्याखाली खुर्च्या टाकून बोलत बसले. इतक्यात हेडमास्तर उठले आणि माझ्या नवऱ्याला काहीतरी हळूच म्हणाले. नवऱ्यानं मागच्या दाराकडे हात केला. तर ते संकोचून म्हणाले, "गुडघ्यांचा त्रास आहे हो. कमोड आहे का?"

नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. ते आत गेले. मी बघितलं तर मामाजी बैठकीतून नाहीसे झालेले. ते मागच्या दारानं अंगणात पोचलेसुद्धा होते, पांढऱ्या धोतरावर, हातात सब्बल.

थोड्या वेळानं फ्लशचा आवाज आला. पाणी एका दमात गेलं, छान गेलं. पण हेडमास्तरांनी बाहेर येण्याआधी सहज खिडकीतून मागे पाहिलं, आणि त्यांना दिसलं की मुलीचे वडील भर उन्हात सब्बल घेऊन चेंबरचं झाकण उचलून उभे आहेत. दोघांची नजरानजर झाली.

मामाजी आयुष्यभर खोटं बोलून गिऱ्हाईक टिकवणारे नव्हते. त्यांनी झाकण बसवलं, हात धुतले, आत आले आणि बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पाइप, पिल्लं, तेलाचा पिपा, सगळं. नणंदेच्या कानावर ते आंब्याखाली गेलं असावं, कारण तिनं डोक्यावर हात मारून घेतलेला मी खिडकीतून बघितला.

हेडमास्तर लक्ष देऊन ऐकत होते. मामाजींचं संपल्यावर ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मग मला एक सांगा. आमच्याकडे फ्लशची टाकी भरतच राहते. थांबतच नाही. मी दर वेळी कॉक बंद करतो आणि जाताना उघडतो. किती दिवस झाले, आमचं असंच चाललंय."

"नीळ टाकून पाह्यली का?" मामाजींनी विचारलं.

"नीळ?"

झालं. पुढे लग्नाचा विषय कोणी काढलाच नाही. मामाजी वजनांची पेटी घेऊन आले. त्यातलं लाल वायसर, टेप, सगळं चटईवर मांडून दाखवलं. मग दोघं गच्चीवर पिल्लं बघायला गेले. हेडमास्तर गुडघ्याचं दुखणं विसरून स्टूलवर चढले. वरून त्यांचा आवाज आला, "अरे वा, चांगली मोठी झालीत की." त्यांच्या पत्नी माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दोन वर्षांपासून हे घरी असे बोललेच नाहीत कोणाशी."

पाहुणे गेल्यावर सगळे नणंदेभोवती जमलो. ती म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण त्याला नोकरीसाठी गुवाहाटीकडे जायचंय आणि तिला तिकडे जायचं नाही. "त्याला पण अवघड वाटत होतं," ती म्हणाली. "आम्ही दोघांनी आपसातच ठरवलं, नाही म्हणायचं. तो तिकडे सांगणार, मी इकडे सांगते."

मामाजींनी मान हलवली. तिच्यावर त्यांनी कधी काही लादलं नव्हतं. पण चेहरा पडला तो पडलाच. चटईवरची पेटी आवरताना त्यांनी मला विचारलं, "मंग आता त्यायच्या फ्लशचं कसं?"

फोन मामाजींनीच करायचा होता. त्यांनी केला. दोघंही एकमेकांना "हो, हो, मुलांची मर्जी," असं म्हणत राहिले. मामाजी फोन ठेवायच्या बेतात होते. तेवढ्यात पलीकडून हेडमास्तर म्हणाले, "ते कॉक बंद ठेवून नीळ टाकून पाहिलं मी. निळं झालंच नाही." मामाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला, खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "टाकीचं झाकण काढा बरं. मी थांबतो."

काही दिवसांनी पिल्लं उडाली. आईंच्या सांगण्यावरून आम्ही आणखी थोडे दिवस वाट पाहिली, साळुंकी परत येते का म्हणून. आली नाही. मग मी स्टूलवर चढून सगळं घरटं हातमोजे घालून बाहेर काढलं आणि खाली घसरलेल्या काड्या लांब तारेच्या हुकानं ओढल्या. मामाजींनी नवी टोपी बसवली आणि तिच्यावर बारीक जाळी तारेनं आवळून बांधली. खालून आईंनी फ्लश दाबला आणि नेहमीच्या सवयीनं "झालं" म्हणून हाक दिली. पाणी सरळ गेलं होतं.

फोनवरून हेडमास्तरांच्या टाकीचं काही जमलं नाही, म्हणून त्यानंतरच्या एका रविवारी मामाजी आणि मी पॅसेंजरनं पुलगावला उतरलो आणि तिथून ऑटोनं नाचणगावला गेलो. पेटी मी धरली होती. हेडमास्तर दारातच उभे होते. स्थळ मोडलेल्या घरात आपण पाना घेऊन जातोय, हे मला जरा विचित्र वाटत होतं, पण त्यांच्या पत्नीनं अशा काही आपुलकीनं आत घेतलं की तो संकोच पाणी पिण्याच्या आतच गेला. मुलगा गुवाहाटीला रुजू झाला होता. त्यानं नणंदेला तिथल्या चहाच्या बागेचा फोटो पाठवला होता, हे मला माहीत होतं, पण मी बोलले नाही.

त्यांची टाकी जुन्या पद्धतीची, आत लांब दांड्याला प्लॅस्टिकचा चेंडू असलेली. मामाजींनी झाकण काढलं. पाणी उभ्या नळीच्या तोंडाशी आलेलं आणि हळूहळू तिच्यात सांडत होतं. चेंडू तरंगायच्या ऐवजी अर्धा बुडालेला.

"सूनबाई, तू सांग," मामाजी म्हणाले.

मी चेंडू हातानं वर उचलला. पाणी यायचं थांबलं. सोडला, पुन्हा सुरू. मग तो दांड्यावरून फिरवून काढला आणि कानाशी नेऊन हलवला. आत पाणी खळखळलं.

"चेंडूला चीर गेलीय. पाणी भरून जड झालाय, म्हणून वर येत नाही, आणि वर येत नाही म्हणून आतला कॉक बंद होत नाही."

"म्हणून भिंतीतला कॉक बंद असताना निळं नाई झालं," मामाजी हेडमास्तरांना म्हणाले. "तळाचं वायसर तुमचं चांगलंच आहे. पाणी वरून सांडून राह्यलं."

हेडमास्तर स्वतः पुलगावच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवा चेंडू घेऊन आले. मामाजींनी तो बसवला, दांडा थोडा खाली वाकवला. टाकी भरली, नळीच्या तोंडाखाली येऊन थांबली. हेडमास्तरांनी फ्लश दाबला, पुन्हा भरू दिली, पुन्हा दाबला. मग कॉककडे हात नेला आणि बंद न करताच परत घेतला. त्यांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "आता पाणी वाया घालवू नका दाबूदाबून."

जेवणात वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. आम्ही निघायच्या तयारीत असताना शेजारचे एक गृहस्थ फाटकाशी आले. आमचं ऐकून आले असावेत. त्यांच्या फ्लशचं बटण दाबलं की आतच अडकून राहत होतं.

मी घड्याळ पाहिलं. परतीची गाडी गाठायची असेल तर लगेच निघायला हवं होतं. मामाजींनी माझ्याकडे बघितलं.

"दुसरी गाडी आहे ना वं?"

"संध्याकाळची आहे."

"मंग चाल," ते म्हणाले आणि चप्पल घालून त्या गृहस्थांच्या मागे निघालेसुद्धा.